बेगमला हळद लागली

लग्नाच्या गाडीत मला कुणी पुढच्या सीटवर बसा म्हटलं, की मी आधी विचारतो, नवरीची आई कुठाय? घरातली पोरं हसतात. काकांचं काहीतरीच असतं म्हणतात. हसा म्हणावं. तुम्ही गिरजाक्काच्या गाडीत बसला नाहीत, तुम्हाला काय कळणार पुढची सीट काय चीज असते ते.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. मी कंधारचा, नव्या कचेरीत कारकून म्हणून आलो, आणि गिरजाक्काच्या माडीवर खोली घेतली. गावात जो तो छाती काढून फिरत होता. पानटपरीवालाही म्हणायचा, "आता आपुन जिल्हा हावोत." पाट्या रंगवणाऱ्यांना जेवायला फुरसत नव्हती. कचेरीत साहेब आले होते, शिपाई आले होते, खुर्च्या यायच्या होत्या. पाऊस मात्र आला नव्हता. आदल्या वर्षीही त्यानं तोंड फिरवलं होतं. नळाला पाणी कधी यायचं ते नळालाच ठाऊक, आणि आलं की सगळी गल्ली घागरी घेऊन भांडायला जमायची.

गिरजाक्का उंच, काळीसावळी, कपाळभर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी. माहेर उदगीरच्या पलीकडचं, त्यामुळं चिडली की कानडीत जायची आणि मग समोरच्याला काय बोलणी बसली तेही कळायचं नाही. नवरा गेला तेव्हा मुलगी महानंदा रांगत होती. दीर म्हणाले, मोंढ्यातली धान्याची आडत आम्ही बघतो. अक्का म्हणाली, मी मेले का? आणि दुसऱ्या दिवशी आडतीच्या गादीवर स्वतः जाऊन बसली. तुरीचा दाणा दाताखाली धरायची आणि डोळे मिटून कटकन चावायची. त्या आवाजावरून माल सांगायची. हमाल, शेतकरी, व्यापारी, सगळे तिच्या जबड्याकडं बघत उभे.

मी सुरुवातीला तिला "अहो गिरजाबाई" म्हणायचो. एकदा जिन्यातच अडवून म्हणाली, "ए कचेरी, मला अक्का म्हन. अहोजाहो तुज्या सायबाला कर." तेव्हापासून ती माझी अक्का आणि मी तिची कचेरी. माझं खरं नाव तिला शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

तिला गाडी का घ्यावीशी वाटली, हे गल्लीत प्रत्येकजण वेगळं सांगायचा. कुणी म्हणे मस्ती आली, कुणी म्हणे नवा जिल्हा डोक्यात गेला. खरं कारण तिनं मला सांगितलं होतं, ज्वारी निवडता निवडता.

धाकट्या दिराच्या मुलीचं लग्न औशाला होतं. त्या पोरीला लहानपणी अक्कानंच सांभाळलेलं. निघताना पोरीनं हात धरून अक्काला आपल्याशेजारी गाडीत बसवलं. दीर आले, खिडकीत वाकले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्ही मागून ट्रकात या." त्यांनी कारण सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. विधवा बाईनं नवरीच्या गाडीत बसायचं नसतं, हे सगळ्यांना पाठ होतं. अक्का उतरली आणि पातेली, शेगड्या आणि आचाऱ्यांबरोबर ट्रकमधून औशाला गेली.

"तवाच ठरवलं," ती मला म्हणाली. "माज्या नंदीच्या लग्नाची गाडी माजी असंल. अन् चालवीन बी मीच. मग मला कोन उतरवतंय ते बगते."

बाकी सगळं पुढचं याच एका वाक्यापायी झालं.

गाडी मिळाली हैदराबादला, एका जुन्या नवाबी घराण्याकडं. हे सांगायचा इस्माईलचाचा, आमच्याकडचा मिस्त्री. अक्कानं पारखायला त्यालाच बरोबर नेलं होतं. गाडी विलायती, लांबलचक, मोतिया रंगाची. आत लाल चामड्याच्या गाद्या, पुढं लाकडाची फळी, घड्याळ, मागच्या खिडक्यांना रेशमी पडदे. कोण्या बेगमसाहिबांसाठी आणली होती म्हणे. चाचानं बॉनेट उघडून आत डोकं घातलं आणि म्हणाला, "अक्का, ये गाडी नै चलती." चाचाचं सगळ्याच गाड्यांबद्दल हेच मत असायचं. अक्कानं त्याला बाजूला सारलं, दारांवर बोटांनी टकटक करून कान लावला, इंजन चालू करायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं, तुरीचा दाणा ऐकायची तसं.

"घुंगटात हाय," ती म्हणाली, "पर जित्ती हाय."

आणि मग सौदा. मोंढ्यात भाव बोलून ठरवत नाहीत. रुमालाखाली हात धरतात आणि बोटं दाबून भाव सांगतात, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही. अक्काला सौद्याची दुसरी रीतच ठाऊक नव्हती. तिनं रुमाल काढला, त्या म्हाताऱ्या नवाबसाहेबांच्या हातावर टाकला आणि खाली त्यांची बोटं गच्च धरली. नवाबसाहेब जागच्या जागी थिजले. परक्या बाईनं हात धरावा, तोही दिवाणखान्यात, नोकरांसमोर. चाचा सांगायचा, "साहब पसीना पसीना. अक्का उंगली दबा रई, साहब हाँ हाँ बोल रे. उनको लगा, हाँ बोले तो हात छूटेगा." गाडी अशी घेतली गेली. नवाबसाहेबांनी काय भाव कबूल केला ते त्यांना स्वतःला तरी कळलं होतं की नाही, याची चाचाला शेवटपर्यंत शंका होती.

गाडीला चाचानंच नाव दिलं, बेगम.

बेगम लातुरात आली आणि तिचे नखरे सुरू झाले. आठवड्यातले निम्मे दिवस ती चाचाच्या झाडाखाली उभी. कधी पेट्रोल चढेना, कधी ब्रेक लागले की सुटेनात. सुटे भाग हैदराबादहून यायचे आणि ते आले की कळायचं, दुसऱ्याच गाडीचे आहेत. दारांचं रबर ट्रॅक्टरच्या ट्यूबमधून कापलं. एका मागच्या दाराला आतून मूठ नव्हती, तिथं चाचानं पितळी कडी बसवली, देवघराच्या दाराला असते तसली. चाचा रोज म्हणायचा, नै चलती. अक्का रोज म्हणायची, "बगू की, कशी चालत न्हाई ते."

चालवायला ती शिकली कुठं माहीत आहे? तळ्यात. गावाबाहेरचं तळं तळापर्यंत कोरडं पडलं होतं. भेगाळलेली सपाट जमीन, धडकायला ना झाड ना माणूस. चाचा शेजारी बसून जीव मुठीत धरायचा आणि बेगम त्या तळ्यात गोल गोल फिरायची. काठावर बघ्यांची जत्रा. अक्का ओरडून सांगायची, "बगून घ्या, पान्यात गाडी चालवायलेय." दुष्काळानं आम्हाला एवढी एक गोष्ट दिली.

सुरुवातीला गाडी पुसायला पाणी नाही म्हणून अक्कानं डोकं चालवलं. चांगल्या घाण्याच्या करडीच्या तेलाचा बोळा फिरवून बेगमला नखशिखांत चोपडलं. आरशासारखी चमकली. कौतुकानं मोंढ्यात नेली. फुफाट्याचे दिवस ते. मोंढ्याला पोचेपर्यंत सगळ्या लातूरची धूळ तिच्यावर चिकटून बसली होती. पिठात घोळवलेल्या पुरणाच्या गोळ्यासारखी दिसत होती बेगम. हमाल पोटं धरून हसले. अक्काही हसली, आणि पुढचे कैक दिवस पिठानं ते तेल काढत बसली.

पण रेडिएटरला पाणी लागायचंच. तिथं हसण्यावारी नेता येईना. नळावर एक बाई मुद्दाम ऐकू जाईल असं बोलली, "मान्साला प्यायला न्हाई, अन् हितं गाडीला पाजायलेत." अक्का एवढी तोंडाळ, पण त्या दिवशी नुसती घागर उचलून घरी गेली. संध्याकाळी तिनं दारात उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकवलं, "उद्यापासून गाडीचं पानी माज्या आंगुळीतलं." तेव्हापासून ती ओल्या फडक्यानं अंग पुसायची आणि अंघोळीचा तांब्या बेगमला. पूजेपुरतं तेवढं पाणी बाजूला. त्यानंतर नळावर कुणी चकार शब्द काढला नाही.

एकदा सरावासाठी म्हणून औशाकडच्या एका खेड्यात गाडी नेली. मीही होतो. पारापाशी थांबलो तर अख्खं गाव गोळा झालं, पुढं सरपंच हात जोडून. नव्या जिल्ह्याचा कलेक्टर कुणी पाहिला नव्हता, एवढी मोठी गाडी दुसऱ्या कुणाची असणार? "बाई कलेक्टर आल्या," म्हणून बातमी पसरली. अक्का म्हणाली, "मी आडतवाली हाय हो." सरपंच म्हणाला, "असंल बाईसाहेब, पर आमचा टँकर येत न्हाई." अक्कानं सगळं नीट ऐकून घेतलं, मग माझ्याकडं बोट दाखवलं, "हे कचेरी हाय. हे सांगंल." मी दुसऱ्या दिवशी साहेबांच्या कानावर घातलं, आठवड्यात टँकर सुरू झाला. त्या गावात अजूनही काही म्हातारे शपथेवर सांगतील, लातूरची पहिली कलेक्टर बाई होती.

महानंदाचं लग्न ठरलं नांदेडला. लातूरला लग्न करायचं तर पंगतीला पाणी कुठून आणायचं? नांदेडला निदान गोदावरी होती. म्हणून लग्न मुलाच्या दारी, आणि आदल्या दिवशी हळद लातूरला, आपल्या घरी.

त्या हळदीची मला अजून आठवण आहे. वाटेल ते करून अक्कानं घर सारवलं होतं, चौक घातला होता. पाच सवाष्णी बसल्या, पुढारी अक्काची नणंद काशीआत्या. नवरीला हळद लावली, गाणी झाली. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पाठीमागं घेऊन. तिला कुणी नको म्हटलं नाही आणि कुणी ये म्हटलं नाही. महानंदा सारखी त्या दाराकडं बघत होती. मोंढ्यात जिच्या जबड्याकडं बघून भाव ठरायचे ती बाई स्वतःच्या घरात दाराला टेकून उभी होती, आणि मला असा संताप आला की मी माडीवर निघून गेलो.

उरलेली हळद काशीआत्यानं पुडक्यात बांधली, नांदेडच्या विधींसाठी. म्हणाली, "हे माज्याजवळच ऱ्हाईल. कुनाचा हात नको लागाया." कुणाचा म्हणजे कुणाचा, ते सगळ्यांना कळलं.

सकाळी वऱ्हाडाचा ट्रक पुढं गेला, त्यात चाचाही. बेगममध्ये आम्ही चौघं. चालवायला अक्का. तिच्याशेजारी मी, मांडीवर पाण्याचा कॅन घेऊन, कारण अक्काचं म्हणणं, सरकारी माणूस पाणी सांडत नाही. मागं महानंदा, आणि काशीआत्या मांडीवर हळदीचं पुडकं घेऊन. निघताना धाकटे दीर खिडकीशी आले. तोंड उघडणार तोच अक्कानं हॉर्न दाबला. नवाबाच्या गाडीचा हॉर्न तो, सगळ्या गल्लीच्या म्हशी उठल्या. दीर बाजूला झाले आणि आम्ही निघालो.

अहमदपूरपर्यंत बेगम राणीसारखी चालली. माळेगाव मागं पडलं आणि पुढून वाफ यायला लागली. कॅनमधलं पाणी ओतलं, चार मैल गेलो, पुन्हा वाफ. लोह्याच्या अलीकडं माळावर ती उभी राहिली ती राहिलीच. अक्कानं वाकून पाहिलं. रेडिएटर खालून पाझरत होता. जुनी जखम, चाचानं डाग दिला होता, तो सुटला. घोटभर पाणी कॅनच्या तळाशी. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं.

रस्त्याकडेला दुष्काळी काम चालू होतं. बायका खडी फोडत होत्या. मी त्यांच्याकडं गेलो खरा, पण पुढं केलेला कॅन मागं घेतला. या बायांकडं गाडीसाठी पाणी मागायचं? एका म्हातारीनं माझ्या मागं गाडीत बसलेली नवरी पाहिली, मुंडावळ्या पाहिल्या, आणि आपली घागर उचलून माझ्या हातात दिली. "पोरीचं लगीन हाय. न्या."

पाणी मिळालं, पण भोक तसंच. अक्का काशीआत्याच्या खिडकीशी गेली.

"वन्सं, हळदीचं पुडकं द्या."

"कशाला?"

"गाडीला. ट्रकवाले करत्यात. चाचा सांगत व्हता, फुटक्या रेडिएटरात हळद टाकली की भोक धरतंय."

काशीआत्यानं पुडकं छातीशी धरलं. "गिरजा, तुला कळायलंय का काय मागायलीस ते? कार्याची हळद हाय ही. सवाष्णींनी दळलीय. अन् तुजा हात..."

तिनं पुढचं गिळलं. खडी फोडणाऱ्या बायांचे हातोडे थांबले होते. त्या आमच्याकडं बघत होत्या.

अक्का चिडली नाही. कानडीत गेली नाही. मी तिला इतक्या शांत आवाजात बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. म्हणाली, "काल दिसभर मी हात मागं धरले. कुनाला काय म्हनले का? न्हाई म्हनले. पर आता पोरगी रानात बसलीय. गाडी हालली न्हाई तर कुनाच्या तरी ट्रकात बसून जाईल लग्नाला. मी गेलेय ट्रकात, वन्सं. मला ठावं हाय कसं वाटतंय ते."

काशीआत्यानं पुडकं आणखीच आवळलं. तेव्हा महानंदानं तिच्या हातांतून पुडकं सोडवून घेतलं, देवघराची ती कडी ओढून दार उघडलं, भर उन्हात खाली उतरली आणि पुडकं आईच्या हातात दिलं. "घे आई."

रेडिएटर निवायला वेळ दिला. मग अक्कानं पदर गुंडाळून टोपण काढलं, पुडकं सोडलं, ओंजळीत हळद पाण्यात कालवली आणि आत सोडली. पुन्हा कालवली, पुन्हा सोडली. म्हातारीच्या घागरीतलं पाणी वरून ओतलं आणि मला म्हणाली, "कचेरी, चालू कर." इंजन सुरू झालं. खालून पिवळे थेंब ठिबकायला लागले. बेगमचं तोंड पिवळं, जाळी पिवळी, पुढची पट्टी पिवळी. आम्ही सगळे वाकून थेंब बघत राहिलो. ते हळूहळू विरळ झाले. मग एक थेंब खाली लोंबला आणि पडलाच नाही.

"धरलं," अक्का म्हणाली. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे. ते पुसायला तिनं पदर घेतला.

"आई, हात नको पुसू," महानंदा म्हणाली.

तिनं आईची दोन्ही मनगटं धरली आणि ते हात आपल्या गालांवर दाबून धरले. अक्का सोडवायला बघत होती, "नंदे, सोड, नंदे," पण पोरगी त्याच आईची, सोडते कशाला? मग अक्कानं सोडवायचं थांबवलं. गालांवर, कपाळावर, गळ्यावर, दंडांवर हात फिरवला. ती ढसाढसा रडत होती आणि हळद लावत होती. मी बॉनेटमध्ये डोकं घालून काहीतरी बघत असल्यासारखं केलं. मला त्यातलं काडीचं कळत नव्हतं.

गाडीचं दुसरं दार उघडल्याचा आवाज आला. काशीआत्या उतरली, जवळ आली, नवरीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कानामागं ऱ्हायलं," ती म्हणाली. "तितं बी लाव. घाई कर, म्हूर्त टळंल."

नांदेडला आम्ही पोचलो तेव्हा ताशेवाले थकून बसले होते. बेगमचा हॉर्न वाजला आणि सगळा मांडव दारात आला. लांबलचक मोतिया गाडी, पिवळं तोंड, चालवायला नवरीची आई, कपाळावर भस्म आणि हात मनगटापर्यंत पिवळे. नवऱ्याची आजी काठी टेकत पुढं आली. तिनं बेगमच्या जाळीवर बोट फिरवून बघितलं.

"ह्या गाडीला हळद कुनी लावली गं?"

मी काशीआत्याकडं पाहिलं. ती खाली उतरली, पदर सावरला आणि मांडवातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाली, "नवरीच्या आईनं लावली. गाडीला बी, अन् नवरीला बी."

आजीनं ते बोट आपल्या कपाळाला लावलं आणि ताशे वाजायला लागले. पुढच्या विधींना हळद मुलाकडच्यांनी दिली. त्यात काय मोठंसं, हळदीला काय तोटा आहे का?

परत येताना डिकी गोदावरीच्या पाण्याच्या कॅननी भरलेली होती. लोह्याच्या अलीकडं अक्कानं गाडी थांबवली, म्हातारीची घागर काठोकाठ भरून दिली आणि बाकीचे कॅन त्या बायांत वाटून टाकले. घरी आल्यावर चाचानं रेडिएटर पाहिला. बराच वेळ बघितला. "अक्का," म्हणाला, "ये तो चल रई." माणसाला जन्मात पहिल्यांदा असं बोलावं लागलं, त्याला ते जड गेलं.

माझी पुढं बदली झाली. पावसाची चांगली वर्षं आली, तळं भरलं, तिथं गाडी शिकायची सोय राहिली नाही. अक्काची बातमी अधूनमधून यायची. ती लग्नांना बेगम देते म्हणे, पण एकाच अटीवर.

ती अट मी बिलोलीला डोळ्यांनी पाहिली. बसच्या फाट्यावर उभा होतो. लांबून हॉर्न आला, दुसऱ्या कुठल्या गाडीचा तो असणंच शक्य नव्हतं. बेगम आली. रंग जरा उतरलेला, जाळीला ताजी हळद फासलेली. रेडिएटर केव्हाच नवा बसवला होता, पण कुठल्याही लग्नाला निघायच्या आधी अक्का तिला हळद लावायचीच. मागं नवरी बसलेली. पुढं अक्काशेजारी एक बारकीशी बाई, नवरीच्याच तोंडवळ्याची, कपाळ मोकळं, डोक्यावरून पदर, दोन्ही हातांनी समोरची लाकडी फळी घट्ट धरलेली. आणि ते दोन्ही हात पिवळेधमक.

अक्कानं गाडी थांबवली. जाड भिंगाच्या चष्म्यातून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, ओळखत नाही.

"कचेरी," ती म्हणाली, "बस म्हनले असते रं. पर पुढची सीट भरलीया."